आंजर्ल्याजवळच्या आमच्या वाडीतल्या दोन लाकडी केबिन, तीन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

लाकडी केबिनचे रिव्ह्यू बहुतेक लोक डिसेंबरमध्ये लिहितात, सगळं नवंकोरं आणि हवा मस्त असते तेव्हा, म्हणून मी मुद्दाम थांबले. आमच्या दोन केबिन मे २०२३ मध्ये उभ्या राहिल्या आणि आता तीन पावसाळे काढलेत त्यांनी. डिझाइन आणि काम दोन्ही एकाच छोट्या टीमचं, एक आर्किटेक्ट ताई आणि त्यांचे सिंधुदुर्गातले सुतार. पुढे तक्रारी पण लिहिल्यात त्यामुळे नाव देत नाहीये.

सुरुवात झाली निसर्ग वादळापासून. ३ जून २०२० ला ते दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि आमच्या दापोलीच्या किनाऱ्याची पण दैना करून गेलं. आमची सुपारी अर्ध्याच्या वर आडवी झाली, घराची कौलं गेली आणि आजोबांनी लावलेला बरका फणस मुळासकट पडला. बाबांनी तो विकू दिला नाही. वखारीत नेऊन फळ्या पाडून आणल्या, दोन फळ्यांच्या मधे पट्ट्या घालून गोठ्यात रचल्या आणि दोन-अडीच वर्षं कोणाला हात लावू दिला नाही. सुतारकाकांनी पहिल्यांदा त्या फळ्या बघितल्या तेव्हा एका फळीवर बोटाने टकटक करून म्हणाले, "ह्या सुकल्यात हो, ह्यांची जमीन करूया." आज दोन्ही केबिनची जमीन त्या फणसाची आहे, आधी हळदीसारखी पिवळी होती, आता मधासारखी झालीय. आई अजून तिथे चप्पल घालून जाऊ देत नाही.

आम्हाला जो तो सांगत होता की लाकडाचं आहे ना, मग परवानगी कशाला लागतेय. ताईंनी पहिल्याच भेटीत हे खोडून काढलं. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या सरकारी नियमांत खेड्यातल्या किनाऱ्याला भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो, दाट वस्तीच्या गावांना ५० मीटर, आणि लाकूड आहे म्हणून त्यातून सुटका नाही. आमच्या वाडीची समुद्राकडची अर्धी बाजू त्या पट्ट्यात जाते, म्हणजे जिथे केबिन हवी होती नेमकी तीच जागा. भाऊ आठवडाभर बोलत नव्हता. आता केबिनमधून समुद्र दिसत नाही पण रात्रभर गाज ऐकू येते, आणि तिथली केवड्याची बेटं जशीच्या तशी राहिली ह्याचा मला खरंच आनंद आहे.

आता मुख्य गोष्ट, पाऊस. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यात जुलैची झड आडवी येते. ताईंनी जे केलंय ते बघितलं तर आपल्या जुन्या घरांचंच शहाणपण आहे. केबिन जमिनीपासून अडीच फूट वर, खाली जांभ्याचे चौथरे, त्यावर तळखडे, म्हणजे खांबाखालचे दगड, आणि प्रत्येक खांबाच्या बुडाशी लोखंडी बूट, म्हणजे लाकूड दगडाला टेकतच नाही, मधून वारा जातो आणि वाळवी चढायला लागली तर लगेच दिसते. खांब ऐन ह्या झाडाच्या लाकडाचे. आम्ही आंब्याचं लाकूड स्वस्तात मिळतंय म्हणून मागे लागलो होतो तर सरळ नाही म्हणाल्या, आंबा बाहेर टिकत नाही, आतल्या फडताळाला वापरा. छप्पर कौलारू आणि चारही बाजूंनी जवळपास चार फूट बाहेर, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. वासे खांबांना पट्ट्यांनी जखडलेत आणि कडेची कौलं तांब्याच्या तारेने बांधलीत, वादळात आधी कडेचीच उडतात म्हणून. खिडक्या पूर्व-पश्चिम समोरासमोर, दुपारी खारे वारे आणि रात्री मतलई वारे दोन्ही आरपार, एप्रिल सोडला तर पंखासुद्धा नको वाटतो. एसीची जागाच ठेवलेली नाही, आणि ते बरोबर आहे.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि पिल्लं बाहेर आली की उजेडाकडे धावतात, म्हणून समुद्राच्या बाजूला एकही दिवा नाही. बाकीचे दिवे गुडघ्याएवढे, पिवळट-तांबूस आणि तोंड जमिनीकडे. पाहुणे पहिल्या रात्री काळोख फार आहे म्हणतात, दुसऱ्या रात्री अंगणात चटई टाकून चांदण्या बघत बसतात.

आता तक्रारी. बाहेरच्या भिंतींना त्यांनी जवसाचं तेल लावलं होतं, दिसायला सुंदर, पण पहिल्याच ऑगस्टमध्ये सगळ्यावर काळी बुरशी धरली. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हे होणार हे त्यांना माहीत असायला हवं होतं. दुसरं, ड्रॉइंगमध्ये खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू लिहिले होते आणि साइटवर त्याहून हलक्या ३०४ ग्रेडचे लागले, चुंबक लावून हे कळत नाही, कळलं ते वर्षभराने बिजागऱ्यांखाली तांबूस ओघळ आले तेव्हा. काही ठिकाणी तर साधे लोखंडी खिळे निघाले, तिथे ऐनाचं लाकूड शाईसारखं काळं पडलंय, ते डाग काही जात नाहीत. ताई त्या आठवड्यात साइटवर नव्हत्या आणि माझ्या मते हीच खरी चूक, फिटिंगच्या वेळी तुम्ही तिथे पाहिजेच. बाथरूमचं दार जुलैत फुगतं ते वेगळंच, अजून खांद्याने ढकलावं लागतं.

पण बोलावल्यावर आले. सगळे स्क्रू स्वखर्चाने बदलले, भिंती घासून काढल्या आणि जवसाऐवजी काजूच्या टरफलाचं तेल लावलं, जे होड्यांना लावतात. कच्चं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, त्यामुळे हातमोजे घालूनच काम, आणि पंधरा दिवस वास राहतो, आतल्या बाजूला अजिबात लावू नका. पण त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत बुरशी नाही.

खर्च एका केबिनला साडेआठ लाखांच्या आसपास आला, २२० स्क्वेअर फूट, फणस घरचा असूनसुद्धा. जांभ्याची खोली कदाचित स्वस्तात झाली असती. दर दोन वर्षांनी तेलाचा हात द्यावा लागणार तो खर्च वेगळा धरा, आमचा पुढचा हात ह्या मे महिन्यात आहे आणि सुतारकाकांनी सांगितलंय की तेव्हाच बाथरूमचं दार उतरवून रंधा मारून देतो.

मी पाचपैकी चार देईन. कोणाला त्यांचा नंबर हवा असेल तर मला मेसेज करा, आणि शक्य असेल तर आधी जुलैत येऊन केबिन बघून जा.