सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हिवाळ्यात: मॅटवरून खेळावं लागतं, तरी नक्की जा

नोव्हेंबरच्या शेवटी एडिंबराला मेव्हण्याकडे गेलो होतो तेव्हा स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज गावातल्या ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानावर एक राउंड झाला. मेव्हणा आधी नकोच म्हणत होता, "दाजी, आत्ता फेअरवेवर मॅट ठेवून मारावं लागतं, मजा नाही, जूनमध्ये या." (फेअरवे म्हणजे होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा.) पण मला तिकडचं गवत थंडीत कसं सांभाळतात हेच बघायचं होतं, कारण इकडे आपल्या कोर्सची दर पावसाळ्यात होणारी अवस्था बघून जीव तुटतो. दोघांनी दोन दिवस आधी बॅलट, म्हणजे खेळायच्या वेळेच्या सोडतीसाठी नाव टाकलं, पहिल्यांदा नाही लागला, दुसऱ्यांदा शनिवारचा लागला.

तर मॅटचं असं आहे, नोव्हेंबर ते मार्च ओल्ड कोर्सच्या फेअरवेवरून थेट गवतावर मारायचं नाही. खोट्या गवताचा छोटा तुकडा असतो, बॉल उचलायचा, त्यावर ठेवायचा, मारायचा, मॅट उचलून पुढे चालायचं. पहिले तीन-चार होल मला जड गेले, क्लब मॅटवर आपटला की हाताला वेगळंच लागतं. पण कारण समजलं आणि मग काही वाटलं नाही. पारा ५-६ अंशांच्या खाली गेला की गवताची वाढ जवळपास थांबते. जूनमध्ये उडालेला डिव्हट (फटक्याने निघालेला गवताचा तुकडा, म्हणजे तिथला खड्डा) थोड्या दिवसांत भरून येतो, डिसेंबरमध्ये उडालेला मात्र वसंतापर्यंत तसाच उघडा पडून राहतो, आणि रोज इतके लोक खेळणार म्हटल्यावर मार्चपर्यंत फेअरवेची चाळणी होईल. दव गोठलेलं असेल तर गवतावर पाय ठेवला तरी पात मोडते आणि नंतर तिथे काळे ठसे उमटतात, म्हणून हिमाच्या सकाळी कुठल्याही नीट सांभाळलेल्या कोर्सवर उशिरा सोडतात, तेवढी वाट बघायची तयारी ठेवा.

आमच्याकडच्या एका कोर्सवर (नाव घेत नाही) जुलैत जमीन पार लोण्यासारखी झालेली असताना गोल्फ कार्ट (खेळाडूंच्या छोट्या गाड्या) फेअरवेवर सोडतात, चाकांच्या चाऱ्या दिवाळीपर्यंत दिसतात. मग त्या झाकायला खत, खताने गवत एकदम फोफावतं आणि नाजूक होतं, पाणी साचलेलं असतंच, बुरशी येते की फवारणी. मागच्या वर्षी फवारणी झाल्या झाल्या त्याच ग्रीनवर (होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) आम्हाला सोडलं होतं, वास येत होता आणि आमचा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मुलगा, उघड्या हाताने बॉल पुसत होता. मी तेव्हा बोललो नाही, बोलायला हवं होतं.

सेंट अँड्र्यूजला खाली समुद्राची वाळू आहे, पाणी लगेच उतरतं, त्यामुळे थेट तुलना नको, हे मान्य. पण विचार घेण्यासारखा आहे. तिथलं मूळ गवत म्हणजे फेस्क्यू, बारीक पातीचं आणि गरीब जमिनीत खूश. त्याला खतपाणी जास्त झालं तर उलट तेच मागे पडतं आणि दुसरं हावरं गवत घुसतं, ज्याला रोगही जास्त आणि औषधही जास्त. म्हणून हिरवंगार दिसण्याचा अट्टाहास नाही. २०२२ ला १५० वी ओपन (ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धा) इथे झाली तेव्हा टीव्हीवर बघितलं असेल, फेअरवे पिवळे-तपकिरी, टणक, बॉल घरंगळतच चाललाय, आणि खेळ काय सुंदर झाला. ओल्ड टॉम मॉरिसने १८६५ पासून जवळजवळ ४० वर्षं हा कोर्स सांभाळला, त्याचा भर होता ग्रीनवर वाळू पसरण्यावर. आज जगभर जे टॉप ड्रेसिंग करतात ते तेच.

मला सगळ्यात आवडलं ते बंकरचं, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांचं काम. ११२ बंकर आहेत, हिवाळ्यात त्यातल्या काहींच्या भिंती नव्याने रचतात. एका ठिकाणी दोघं जण काम करत होते, मेव्हण्याला पुढे पाठवून मी थांबलोच. गवतासकट कापलेल्या मातीच्या पट्ट्या एकावर एक, अगदी भाकऱ्यांची चवड रचावी तशा, प्रत्येक थर जरासा मागे सरकवलेला, मागे माती ठोकून भरायची. बुटाच्या टाचेने दाबून बघायचे आणि मग पुढची पट्टी. ओल्या मातीचा वास थेट आपल्या शेतातल्यासारखा. सिमेंट नाही काही नाही, काही वर्षांनी ढासळली की परत रचायची.

आता कामाचं. एडिंबराहून ट्रेनने लूकर्स, तिथून ९९ नंबरची बस. नोव्हेंबरच्या शेवटी दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा सकाळचीच वेळ बघा. वारा कानात शिरतो, कानटोपी आणि पाणी न शिरणारे बूट हवेतच. फी हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा बरीच कमी पडते. आणि मुक्काम जमला तर रविवार धरून जा, मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो, जमिनीला सुट्टी, आणि कोणीही फुकटात फिरू शकतं. आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो तर कुत्री, बाबागाड्या, म्हातारी जोडपी, सगळं गाव फेअरवेवर, फक्त ग्रीनवरून कोणी चालत नव्हतं. आदल्या दिवशीचा तो बंकर शोधून काढला, भिंत वरपर्यंत आली होती.