वडोदऱ्यात कुत्र्यासह घर: भायलीचा नवा फ्लॅट की कारेलीबागेतलं जुनं टेनामेंट?

घरात कुत्रा असेल तर माझं मत टेनामेंटकडे, म्हणजे स्वतःचं दार नि गच्ची असलेल्या स्वतंत्र घराकडे झुकतं. स्वतःचा ओटा असतो, चिखलाने भरलेले पाय दारातच धुता येतात, लिफ्टमध्ये कुणाच्या कपाळावर आठ्या नाहीत. फ्लॅटमध्येही सोसायटीने कुत्र्यावर सरसकट बंदी घालू नये, असं प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना सांगतात. तरी रोजची कुरबुर नको असेल तर बयाणा देण्याआधी सेक्रेटरींना भेटाच.

पैशांचं म्हणाल, तर बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या गटात १ टक्का); जुन्या घरावर नाही. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे ४.९ टक्के. नोंदणीचा १ टक्का घर फक्त बाईच्या नावावर घेतल्यास माफ. फ्लॅटला दरमहा मेंटेनन्स. टेनामेंटची गळती, वायरिंग, गटार सगळं आपल्याच खिशातून.

आणि विश्वामित्री नदी! ऑगस्ट २०२४ च्या पुरात कारेलीबागेतही घरांत पाणी शिरलं. ते कुठवर चढलं होतं हे दलालाला नको, शेजारच्या काकूंना विचारा. गच्चीचा जिना घरातूनच आहे ना, तेही बघा. मुक्या जीवाला घेऊन तिथेच चढावं लागेल.