पोषक वाणाचं बियाणं कुणाच्या हाती द्यायचं, बाईच्या की पुरुषाच्या?

लोह, जस्त किंवा अ जीवनसत्त्व वाढवलेली बायोफोर्टिफाइड वाणं शेतकऱ्यांपर्यंत न्यायची ठरली की पहिल्याच बैठकीत निकाल लागतो: पोषणाचा विषय आहे, महिलांचे गट धरा. अजून पिकाचं नावही निघालेलं नसतं. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी पीक, मग त्याचं बियाणं कुठून येतं आणि विक्रीचा पैसा कुणाच्या हाती पडतो ते बघायचं. माणसं त्यानंतर निवडायची.

केशरी रताळं आणि केशरी मका समोरासमोर ठेवा. दोन्हींत बीटा कॅरोटीन आहे (शरीरात त्याचंच अ जीवनसत्त्व होतं), दोन्ही रंगावरून ओळखू येतात. साम्य साधारण इथेच संपतं.

रताळं लावायचं ते वेलाच्या तुकड्यांनी. ते बहुतेक वेळा शेजारीपाजारी आणि नात्यागोत्यात मागूनच मिळतात, त्यामुळे हातात रोकड नसलेली बाईही सुरुवात करू शकते. अडचण येते कोरड्या हंगामात. वेल जगवायला पाण्याजवळची ओलसर जागा लागते आणि ती सहसा तिच्या वाट्याला येत नाही. यावर एक स्वस्त तोड आहे: निवडक कंद कोरड्या वाळूत साठवायचे, पावसाआधी वाफ्यात लावून पाणी द्यायचं आणि फुटलेले वेल लागवडीला घ्यायचे. महिलांच्या प्रशिक्षणात पाककृतीइतकाच वेळ याला द्यायला हवा.

मक्याची गोष्ट वेगळी. झांबियात २०१२ मध्ये आलेली केशरी वाणं संकरित होती. घरचं बी पेरलं तर उत्पादन घसरतं, म्हणजे दर हंगामाला दुकान गाठायचं, रोख पैसे किंवा उधारी बघायची, वर खत. जमीन, कर्ज आणि कृषी सल्ला बहुधा पुरुषाच्या नावाने चालतो. अशा पिकाच्या फुकट पिशव्या फक्त बायकांना वाटल्या तर पुढच्या वर्षी बियाण्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न तसाच राहतो. इथे नवराबायको दोघांना बसवल्याशिवाय मी तरी काम सुरू करणार नाही.

या दोन टोकांच्या मधे लोहयुक्त घेवडा आणि २०१२ मध्ये आलेल्या ‘धनशक्ती’सारखी, संकरित नसलेली बाजरी येते. यांचं बी घरी राखता येतं. घेवड्यात मात्र वेलीचा की झुडपी, हे विचारून घ्या. वेलीचा जास्त पिकतो, पण आधाराच्या काठ्या आणायच्या आणि रोवायच्या म्हणजे पैसा आणि मेहनत दोन्ही लागतात.

आता जमीन. युगांडात केशरी रताळ्याच्या प्रसारावर झालेल्या अभ्यासात एक गोष्ट अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली. निव्वळ बाईच्या ताब्यातल्या तुकड्यांवर हे रताळं जास्त असेल असं वाटलं होतं, तसं आढळलं नाही. ते जास्त करून दिसलं दोघांच्या सामाईक जमिनीवर, जिथे काय लावायचं हे ठरवण्यात बाई पुढे होती. सर्वांत कमी शक्यता होती फक्त पुरुषाच्या ताब्यातल्या जमिनीवर. म्हणजे ‘बाई की पुरुष’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे, शीर्षकात मीही तोच विचारला असला तरी.

विक्रीत खरी गंमत आहे. लोह आणि जस्त डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे व्यापारी त्याचे वेगळे पैसे देत नाही. विकण्यासाठी पिकवणारा माणूस उतारा आणि रोगप्रतिकार बघतो. घरच्यांना खाऊ घालणारी बाई दाणा किती वेळात शिजतो, मुलं खातात का, हे बघते. वाण या दोन्ही कसोट्यांना उतरलं नाही तर पोषणावरची भाषणं वाया जातात.

केशरी मालाला रंगाची ओळख असते, पण मागणी वाढली की दुसरी अडचण उभी राहते. पाटीभर माल बाई बाजारात नेते. तोच गाडीभर झाला आणि करार आला की सही आणि पैसे पुरुषाकडे जाण्याचा धोका असतो. मोठी खरेदी जुळवणार असाल तर रक्कम कुणाच्या खात्यात जाईल, हे पेरणीआधी लिहून घ्या.

नायजेरियात २०११ पासून आलेल्या, अ जीवनसत्त्वासाठी काढलेल्या पिवळ्या कसाव्याने (ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो) आणखी एक बाजू दाखवली. सोलणं, किसणं, भाजून गारी म्हणजे रव्यासारखा कोरडा पदार्थ करणं ही कामं मुख्यतः बायकांची. कंदात पाणी जास्त असेल तर तेवढ्याच मेहनतीत गारी कमी निघते, आणि ते शेताच्या बांधावरून कळत नाही. शिवाय साठवणीत कॅरोटीन घटत जातं. म्हणून थोडं करून लगेच विकणाऱ्या बायकांचा धंदा इथे पोषणाच्या दृष्टीने मोठ्या गोदामापेक्षा सरस ठरतो.

बायकांच्या शेतात उतारा कमी दिसला तर त्या तुलनेला मात्र फसू नका, फरक साधनांचा असू शकतो. २०११ च्या अहवालात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने म्हटलं होतं की पुरुषांइतकी साधनं मिळाली तर बायकांच्या शेतातलं उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं.

एकाच हंगामाचा पैसा हाती असेल तर माझी निवड रताळं किंवा घेवडा: बियाणं बाईकडे, जमीन सामाईक, आणि पोषणाच्या बैठकीला नवराही हजर. मका घ्यायचा असेल तर किमान तीन हंगामांची तरतूद आधी करा.