मासे विकत घेण्याची हमी आणि आमचे साडेसात लाख

बायोफ्लॉक पद्धतीने टाकीत मासे वाढवणे ही थाप नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्या पाण्यात गूळ किंवा मळी घालून आणि चोवीस तास हवा सोडून उपयुक्त जिवाणू वाढवले, की ते हा अमोनिया वापरून टाकतात, त्यांचे पुंजके बनतात आणि काही जातींचे मासे ते पुंजकेही खातात. त्यामुळे थोड्या जागेत आणि थोड्या पाण्यात उत्पादन घेता येते. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत या पद्धतीला अनुदान आहे. चार मीटर व्यासाच्या आणि दीड मीटर उंचीच्या सात टाक्यांच्या लहान प्रकल्पाचा खर्च त्या योजनेत साडेसात लाख रुपये धरला असून त्याच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्के रक्कम मिळू शकते. आम्हाला ज्यांनी फसवले त्यांनी यातला एकही आकडा बदलला नव्हता. मोबाइलवर शोधले की त्यांचे बोलणे अक्षरशः खरे निघत होते, आणि त्या खऱ्या आकड्यांच्या आडोशाला त्यांनी स्वतःचा करार उभा केला होता.

मी घणसोलीला राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर हाती आलेल्या रकमेतून काही पैसे मुरबाड तालुक्यातल्या चुलत भावाच्या जागेवर एखाद्या जोडधंद्यात घालावेत, असा आम्हा दोघांचा २०२२ च्या सुरुवातीला विचार चालला होता. भाताचे पीक निघाल्यावर त्याची जमीन पडून असते, पण बोअरवेलला टाक्या भरण्यापुरते पाणी राहते. वाशी स्थानकाजवळच्या एका संकुलात कार्यालय असलेल्या कंपनीचे नाव आम्हाला गावातल्याच एका ओळखीच्या माणसाने सुचवले. त्याला दर ग्राहकामागे दलाली मिळत होती, हे नंतर उघड झाले.

कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेली प्रमाणपत्रे होती: उद्यम नोंदणी, जीएसटी नोंदणी, अन्नसुरक्षा नोंदणी आणि कंपनी स्थापनेचा दाखला. त्यांपैकी एकही खोटे नव्हते, पण त्यांचा अर्थ काय, हे तिथे बसलेल्या कोणालाच ठाऊक नसावे. उद्यम नोंदणी कोणीही आधार क्रमांकावर, विनाशुल्क, स्वतःच्याच घोषणेने करू शकतो. सरकारने धंद्याची पारख करून दिलेली ती पावती नसते. कंपनीची स्थापना कधी झाली आणि तिचे भागभांडवल किती, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येते. या कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल एक लाख रुपये होते, आणि एवढ्या भांडवलावर ती ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतल्या शेकडो टाक्यांतले मासे रोख पैसे मोजून उचलणार होती!

त्यांचा हिशेब असा होता. एका टाकीतून सहा महिन्यांत एक टन तिलापिया (आपली चिलापी), वर्षातून दोन हंगाम, सात टाक्यांचे चौदा टन, आणि कंपनी किलोला १५० रुपये देणार, म्हणजे वर्षाला एकवीस लाख. हा कागद घेऊन आम्ही नंतर मत्स्यव्यवसाय खात्यातल्या एका अधिकाऱ्यांना भेटलो, तेव्हा त्यांनी पेन मागून घेतले आणि टाकीच्या मापापासून सुरुवात केली. चार मीटर व्यासाच्या टाकीत सव्वा मीटरपर्यंत पाणी भरले तर ते साधारण पंधरा हजार लिटर, म्हणजे पंधरा घनमीटर होते. त्यात एक टन मासा म्हणजे घनमीटरला सहासष्ट किलो. "तुमच्यासारख्या नव्या माणसाने घनमीटरला पंधरा-वीस किलो काढले तरी मी पाठ थोपटीन," असे ते म्हणाले. मग त्यांनी खाद्याचा हिशेब मांडला. एक किलो मासा तयार व्हायला सव्वा ते दीड किलो तरंगते खाद्य लागते आणि कंपनी ते आम्हाला साठ रुपये किलोने देत होती, म्हणजे किलोभर माशामागे ऐंशी रुपये तर खाद्यातच जात होते. वीज, गूळ, प्रोबायोटिक म्हणजे पाण्यात सोडायचे उपयुक्त जिवाणू, आणि मेलेले मासे वेगळे. त्या दिवसांत कल्याणच्या व्यापाऱ्याने आम्हाला जिवंत तिलापियाचा ठोक भाव नव्वद रुपये सांगितला होता. कंपनीचा १५० हा दर कागदावरून काढून टाकला की सगळा धंदाच तोट्यात जात होता.

टाक्यांचा खर्च, माशाची जात, बाजारातली मागणी या सर्व शंका "तुम्हाला विकायचेच नाही, आम्ही उचलणार" या एका वाक्यात बुडवल्या जात होत्या. मासे विकत घेण्याची हमी देणाऱ्याचा धंदा मासे विकण्याचा असतो, असे आपण गृहीत धरतो. येथे मात्र टाक्या, ताडपत्री, हवेचे पंप, बीज आणि खाद्य आम्हालाच विकून त्यांचा नफा पहिल्याच महिन्यात वसूल झालेला होता. पुढे एकही मासा त्यांनी उचलला नसता तरी त्यांचे काही बिघडणार नव्हते. २०१९ मध्ये महाराष्ट्रात उघडकीस आलेल्या कडकनाथ कोंबडीच्या प्रकरणात हेच झाले होते: पिल्ले आणि खाद्य विकायचे, अंडी व पक्षी चढ्या भावाने परत घेण्याचा करार करायचा आणि खरेदीची वेळ आली की निघून जायचे.

करार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्यासह होता. नोटरी सही कोणी केली एवढेच पाहतो. करारातले वचन पाळले जाईल याची तो हमी देत नाही, हे गावाकडे अनेकांना अजूनही पटत नाही. पाच पानांच्या त्या कागदात पहिल्या पानावर १५० रुपयांचा दर ठळक अक्षरांत होता आणि चौथ्या पानावर अटी होत्या. मासा किमान ५०० ग्रॅमचा हवा. टाकीतले ९० टक्के मासे त्या वजनाचे असल्याशिवाय ती टाकी उचलली जाणार नाही. बीज, खाद्य आणि औषध कंपनीखेरीज इतर कोठून घेतल्यास करार आपोआप रद्द होईल. आणि माशाच्या दर्जाबाबत कंपनीच्या प्रतिनिधीचे मत अंतिम राहील. एकेक अट वाचली तर वावगी वाटत नाही, कारण कोणताही खरेदीदार वजन आणि दर्जा पाहणारच. त्या अटी बिजाच्या पिशव्यांशी ताडून पाहिल्यावरच त्यांचा डाव लक्षात येतो.

बीज पहाटे टेम्पोतून आले. एक तृतीयांश पाणी आणि बाकी ऑक्सिजन भरून तोंड रबराने बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि प्रत्येकीत हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले, असे चलनावर लिहिलेले. पाण्याचे तापमान जुळावे म्हणून पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या होत्या, तेव्हा भावाने मोजणीचा विषय काढला. टेम्पोबरोबरचा माणूस म्हणाला, "दादा, मोजायला लागलात तर अर्धी इथेच मरतील." प्रत्यक्षात मत्स्यबीज केंद्रांवर मोजणीची पद्धत ठरलेली आहे: एका लहान मापात किती पिल्ले येतात ते मोजायचे आणि तशी किती मापे भरली ते पाहायचे. त्याला पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढ्यात भावजयीने स्वतःच एक पिशवी सोडून पिठाच्या चाळणीने पिल्ले घमेल्यात काढली. ती सहाशेच्या आसपास भरली. त्यांतली निम्मीअधिक बोटुकलीसुद्धा नव्हती, अर्धबोटुकलीपेक्षाही लहान होती. पुढच्या खेपेला भरपाई करू, असे टेम्पोवाल्याने चलनाच्या मागे लिहून दिले. खाली सही केली ती वाचता येत नाही.

संख्या कमी असणे हा फसवणुकीचा किरकोळ भाग होता. चलनावर 'मोनोसेक्स गिफ्ट तिलापिया', म्हणजे तिलापियाचे सुधारित वाण आणि सगळे नर, असे लिहिले होते. तिलापियात नराची वाढ मादीपेक्षा जलद होते, आणि नर-मादी एकत्र असले तर दोन-तीन महिन्यांतच ते प्रजननाला लागतात. मग खाल्लेले वाढीला लागत नाही, टाकीत पिल्लांची गर्दी होते आणि सगळेच मासे खुरटतात. यामुळेच या माशाचे संवर्धन आपल्याकडे परवानगीच्या चौकटीत आहे आणि बीज मान्यताप्राप्त केंद्रांकडूनच घ्यायचे असते. राजीव गांधी सेंटर फॉर ॲक्वाकल्चर या सरकारी संस्थेचे असे केंद्र विजयवाड्याजवळ आहे. आमच्या चलनावर केंद्राचे नाव नव्हते. तिसरा महिना संपत असताना टाकीच्या कडेने टाचणीएवढी पिल्ले पोहताना दिसू लागली. भावाने एक मासा जाळीत धरून त्याचा जबडा बोटाने उघडला, तर आत पिवळसर अंड्यांचा गच्च घास होता. या जातीची मादी अंडी तोंडात उबवते. म्हणजे आम्हाला दिलेले बीज साधे, नर-मादी मिसळलेले होते. असल्या बिजातून ९० टक्के मासे ५०० ग्रॅमचे होणे शक्यच नव्हते. चौथ्या पानावरची अट आणि टेम्पोतल्या पिशव्या एकाच हिशेबातल्या होत्या.

कंपनीचा प्रतिनिधी आला, त्याने टाकीत जाळे फिरवले, शे-सव्वाशे ग्रॅमचे मासे वजनकाट्यावर टाकून फोटो काढले आणि "व्यवस्थापनातील त्रुटी" असा शेरा लिहून दिला. विजेचा मुद्दा त्याला आयताच सापडला, कारण हवा बंद पडली की दाट साठवण केलेल्या टाकीतले मासे तासाभरात वर येऊन तोंडे उघडू लागतात, आणि त्यांनीच पुरवलेला इन्व्हर्टर पंपांचा भार अर्धा तासही ओढत नव्हता. शेवटी ते मासे आम्ही बाजारात नेले. आपल्याकडे आगरी-कोळी गिऱ्हाईक मुख्यतः खाऱ्या पाण्याचा मासा घेते. गोड्या पाण्याच्या माशाला उत्तर भारतीय आणि बंगाली वस्तीत मागणी आहे, पण तिथे आंध्र प्रदेशातून बर्फात येणारा रोहू-कटला आणि उजनीची चिलापी यांच्याशी भावाची गाठ असते. सव्वाशे ग्रॅमच्या माशाला व्यापाऱ्याने चाळीस रुपये किलो दिले, तेही ओळखीखातर.

अनुदानाची गोष्टही सांगायला हवी. 'अनुदानाची फाइल' म्हणून त्यांनी पंचवीस हजार वेगळे घेतले होते. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या जिल्हा कार्यालयात चौकशी केली तेव्हा भावाच्या नावाचा अर्जच दाखल नव्हता. या योजनेत आधी मंजुरी घ्यावी लागते, काम झाल्यावर पाहणी होते आणि रक्कम थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात येते; मध्ये कोणत्याही कंपनीची गरज नसते. मंजुरीपूर्वीच उभ्या केलेल्या टाक्यांसाठी आता अनुदान मागण्याची सोय उरली नव्हती. टाक्या विकत घेण्यापूर्वी या कार्यालयात एक फेरी मारली तर बाकीचे बरेच प्रश्न तिथेच सुटतात, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

वाशीचे कार्यालय काही महिन्यांनी रिकामे झाले. जागा भाडेकराराची होती. कंपनीने हमी म्हणून आम्हाला दिलेला धनादेश भरला, तर 'खाते बंद' या शेऱ्यासह परत आला. येथे मुदती काटेकोर आहेत: बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. आमच्या वकिलांनी त्या पाळल्या म्हणून चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाच्या कलम १३८ खालची तक्रार उभी राहिली. आमच्यासारख्याच फसलेल्या दोघांनी "थांबा, पुढच्या आठवड्यात देतो" या फोनवर विसंबून ती संधी घालवली.

फौजदारी बाजू अधिक किचकट आहे. कंपनीने सर्व रक्कम 'साहित्य विक्री' म्हणून पक्क्या बिलांवर घेतली होती, त्यामुळे ठेवीदारांच्या संरक्षणासाठीचा १९९९ चा महाराष्ट्र अधिनियम लागू होतो का, यावर वाद होऊ शकतो, आणि एकट्या माणसाची तक्रार दिवाणी व्यवहार म्हणून बाजूला पडण्याचा धोका असतो. एकाच मजकुराचे अनेक करार, एकाच प्रकारचे बीज आणि एकसारखे शेरे एकत्र समोर ठेवले की पहिल्या दिवसापासूनचा हेतू दाखवता येतो. आम्ही बाराजणांनी तसाच एकत्रित अर्ज आर्थिक गुन्हे शाखेकडे दिला आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या व्यवहारांना भारतीय दंड संहितेचे कलम ४२० आणि त्यानंतरच्या व्यवहारांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. स्वतःच्या उपजीविकेसाठी केलेली खरेदी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये बसते, तेव्हा 'हा व्यापारी व्यवहार आहे' असे ऐकवले गेले तरी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते.

आमच्या भागात आणखी एक पेच येतो. पैसे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत दिलेले असतात आणि टाक्या ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. जाताना करार, बिले, चलने, बँकेचा उतारा, धनादेशाचा मेमो आणि प्रतिनिधीने लिहिलेला शेरा यांच्या प्रती सोबत न्याव्यात, आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नये.