पाण्याखालचे फोटो: फिल्टर, फ्लॅश की घरी येऊन एडिटिंग?

तारकर्लीला किंवा अंदमानला डायव्हिंगला निघालेले नागपूरकर हमखास विचारतात, लाल फिल्टर घेऊ, फ्लॅश घेऊ की फोटो नंतर एडिट करू? आपल्याला मुंबईचा समुद्रसुद्धा रेल्वेने ८०० किलोमीटरच्या वर. फोटो फसला तर पुढच्या रविवारी पुन्हा बुडी मारता येत नाही. म्हणून कॅमेऱ्यात रॉची, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती साठवण्याची, सोय असेल तर आधी ती सुरू करा. तिला वेगळा खर्च नाही, आणि डार्कटेबल, रॉथेरपी ही सॉफ्टवेअरही फुकट मिळतात.

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच तो फिका पडतो. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या, १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६. एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) जोरात ओढला की जेपेगमधल्या निळ्या पाण्यात पट्टे उमटतात, रॉ बरंच सहन करतं. खाली असताना पांढऱ्या स्लेटचा एक फोटो घ्या आणि खोली बदलली की पुन्हा घ्या. घरी त्यावर सॉफ्टवेअरमधला व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवला आणि तीच दुरुस्ती त्या खोलीवरच्या फोटोंना लावली की जवळचा मासा रंगात येतो. मागचं पाणी मात्र सॉफ्टवेअरमधला मास्क लावून, म्हणजे तेवढा भाग दुरुस्तीतून वगळून, निळंच राहू द्या. अख्ख्या फोटोला एकच दुरुस्ती लावली की पाणी जांभळट दिसतं.

फिल्टर मला व्हिडिओसाठीच पटतो, कारण साध्या कॅमेऱ्यात व्हिडिओ रॉ मिळत नाही. निळ्या पाण्याला लाल, हिरवट पाण्याला मॅजेंटा (जांभळट गुलाबी). पण तो आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी करतो.

खरी चुरस फ्लॅश आणि एडिटिंगमध्ये आहे. पंधरा-वीस मीटरवर लाल जवळपास उरतच नाही. तिथे एडिटिंगचा स्लायडर ओढून फोटोत फक्त दाणेदारपणा वाढतो. नारिंगी क्लाउनफिशचा रंग तिथे फ्लॅशच देऊ शकतो, तोही साधारण मीटरभराच्या आत. त्यातही कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश नको. गढूळ पाण्यात तो लेन्ससमोरचे कण उजळवतो आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. डीहेझने (धूसरपणा काढणाऱ्या स्लायडरने) ते आणखी उठून दिसतात, मग एकेक पुसत बसा. दांड्यावर बाजूला धरलेला स्ट्रोब, म्हणजे वेगळा फ्लॅश, हवा, आणि तो महाग पडतो.

एकदाच जाणार असाल, तर रॉ आणि फुकटचं सॉफ्टवेअर पुरे. दरवर्षी जाऊन खोल उतरणार असाल, तर पैसे स्ट्रोबमध्येच घाला. दोन्हीतलं काहीही निवडा, पण निघण्याआधी कॅमेऱ्याच्या रिकाम्या वॉटरप्रूफ केसमध्ये टिश्यू पेपर ठेवून ती बादलीत बुडवून बघा.