भावाचं कॉग्निटिव्ह ट्रेनिंग: वर्षभराचा अनुभव

आधीच सांगते, या ट्रेनिंगनं, म्हणजे लक्ष-स्मरणशक्तीच्या सरावानं, स्किझोफ्रेनियात ऐकू येणारे भासाचे आवाज जात नाहीत. त्याला गोळ्याच. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आवाज, संशय हे सगळं औषधांनी केव्हाच आटोक्यात आलं होतं, तरी माणूस घरातच बसून. बोलता बोलता अर्ध्यावर थांबायचा, चहात दूध घालायचं विसरायचा, सहा जिन्नस सांगितले की दोन घेऊन यायचा. आईला वाटायचं आळशी झालाय. नातेवाइकांचं तर विचारूच नका, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत सल्ल्यांना काय तोटा! शेवटी डॉक्टरांनी समजावलं की लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग, कामाची आखणी हे सगळं या आजारात मागे पडतं आणि औषधांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. त्यांनीच हे ट्रेनिंग सुचवलं.

पहिलं सेंटर वाया गेलं. भावाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसवायचे आणि तिथली मुलगी बाजूला मोबाइल बघत बसायची. अमुक अक्षर दिसलं की बटण दाबा, ऐकलेले आकडे उलटे सांगा, असले खेळ. त्यात शब्द इंग्रजी, उच्चार अमेरिकन. स्कोअर मात्र भराभर चढला, रंगीत आलेख छापून हातात मिळायचा. पण बँकेत पैसे काढायची स्लिप समोर आली की हा पूर्वीसारखाच हातात पेन धरून उभा. भरलेले पैसे संपेपर्यंत गेलो आणि सोडलं.

मग डॉक्टरांनी एका सायकॉलॉजिस्ट मॅडमचं नाव दिलं. खेळ तिथेही साधारण तसलेच, फक्त प्रत्येक खेळानंतर मॅडम विचारायच्या, "हे कसं जमवलंस?" सुरुवातीला उत्तर ठरलेलं: "असंच." काही आठवड्यांनी म्हणाला, "आकड्यांचे तीन-तीनचे गट केले." मॅडम म्हणाल्या, "मग आता दालबाजारात हेच कर."

यादी मी दिली: तूरडाळ, साबुदाणा, मोहरी, दाणे, कापूर, उदबत्ती. त्यानं स्वतःच लावून घेतली: वरण-फोडणीचं, उपासाचं, देवाचं. तीन घरं, प्रत्येकात दोन. दुकानात उभा राहून पुटपुटत राहिला आणि सहाही जिन्नस घेऊन आला. दुकानदारानं विचारलंन म्हणे, "भैया, किससे बात कर रहे हो?" आईनं हे ऐकलं आणि तिच्या पोटात गोळाच आला. तिला वाटलं, आवाज परत सुरू झाले. करायचं काम मोठ्यानं बोलत करणं ही शिकवलेली युक्ती आहे हे आम्हाला घरच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी मॅडमनी आईला समोर बसवून सगळं समजावलं. आधी मोठ्यानं, मग ओठांतल्या ओठांत, मग मनात. आता चहा करताना त्याचे फक्त ओठ हलतात, तेही कधीमधी. हे ट्रेनिंग घेणार असाल तर घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

माझा अनुभव एकटीचा नाही. २०२१ मध्ये जामा सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात अशा ट्रेनिंगचे १३० अभ्यास आणि ८,८५१ रुग्ण एकत्र धरून केलेला आढावा आला. फायदा खरा, पण लहान ते मध्यम. शिकलेला थेरपिस्ट सोबत असेल, युक्त्या शिकवल्या जात असतील आणि सोबत पुनर्वसनाचं काम चालू असेल तिथे जास्त. त्याआधीच्या, २०११ मधल्या आढाव्यात आवाज-संशयासारख्या लक्षणांवरचा परिणाम अगदी थोडा होता आणि तोही टिकला नव्हता. सॉफ्टवेअर विकणारे हे सांगत नाहीत. आपल्याकडेही बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं घरी करायच्या सरावाचा अभ्यास २०१२ मध्ये छापला. तेव्हा महागडं सॉफ्टवेअर नसलं तर काहीच होणार नाही, असं नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुणी आपणहून काढत नाही. हात थरथरू नयेत म्हणून त्याला ट्रायहेक्सिफेनिडिल चालू होती. या जातीच्या गोळ्या स्मरणशक्तीला जड जातात. मॅडमनी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी ती हळूहळू कमी केली. आपल्या मनानं मात्र कुणी बंद करू नका.

काय जमलं नाही, तेही लिहिते. चार माणसं एकदम बोलायला लागली की तो अजून हरवतो, लग्नकार्यात तर फारच. कुणी थट्टा केली तर थट्टा की टोमणा, ते त्याला लवकर कळत नाही. चेहरे ओळखायचा आणि बोलण्याचा सूर पकडायचा सराव आता सुरू केलाय, त्यावर एवढ्यात मत देणार नाही. सकाळचं सेशन निरुपयोगी, गोळ्यांची झापड उतरलेली नसते, दुपारचंच घ्या. कंटाळाही येतो, मध्ये त्यानं चक्क जायचं सोडलं होतं. खर्च दर आठवड्याचा, शिवाय महाराज बाड्यावरून ई-रिक्षानं जाण्या-येण्यात अर्धी दुपार जाते, म्हणजे घरातलं कुणीतरी मोकळं हवं.

सध्या तो आमच्या मामेभावाच्या स्टेशनरीच्या दुकानात संध्याकाळी बिलं करतो. गर्दी वाढली की मामेभाऊ गल्ल्यावर बसतो आणि हा माल काढून देतो, असं ठरवून घेतलंय.

कुठेही पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: शिकवणारा आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, सेशनभर तो रुग्णाशेजारी बसतो का, आणि घरी करायचं काम काय देणार. तिसऱ्यावर नुसतं "ॲप डाउनलोड करा" असं उत्तर आलं, तर चपला घाला.