दीर्घ आजारासह ऑरलँडोची सहल: डिस्ने वर्ल्ड की युनिव्हर्सल?

मुलांकडे अमेरिकेत येणाऱ्या आईवडिलांच्या फिरण्याच्या यादीत नायगऱ्याच्या खालोखाल फ्लोरिडातल्या ऑरलँडोचे नाव असते, आणि ऑरलँडो म्हटले की डिस्ने आणि युनिव्हर्सल या दोन कंपन्यांच्या मनोरंजन उद्यानांपैकी काय निवडायचे हा प्रश्न येतोच. घरात कोणाला आमवात, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार), क्रोन्स (आतड्यांच्या दाहाचा आजार) किंवा टाइप १ मधुमेह असेल, किंवा मूल स्वमग्न असेल, तर या प्रश्नाचे उत्तर इतरांच्या अनुभवावरून काढता येत नाही. माझ्या आईला आमवात आहे. तिच्यासाठी ही तुलना करायला बसलो तेव्हा मीही प्रथम राइड्सची यादीच समोर घेतली होती आणि कोणती राइड तिला झेपेल यावर खुणा करत होतो. ही सुरुवातच चुकीची होती, कारण राइड बहुधा दोन ते पाच मिनिटांत आटोपते, तर दिवसाचे उरलेले तास रांगेत, चालण्यात आणि उन्हात जातात, आणि आजारी माणसाचा दिवस मोडतो तो याच तासांत. म्हणून आधी रांगेकडे पाहू.

अमेरिकेत १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्याने खासगी मनोरंजनस्थळांवरही सुगम्यतेचे बंधन घातलेले आहे. मात्र रांगेच्या बाबतीत नेमकी कोणती सोय द्यायची हे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते, आणि या दोन कंपन्यांनी जवळजवळ परस्परविरुद्ध मार्ग घेतले आहेत. डिस्नेची पद्धत समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. तेथे पूर्वी एक साधे कार्ड मिळे आणि ते दाखवले की बहुतेक ठिकाणी वेगळ्या दाराने आत जाता येई. २०१३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधील काही धनाढ्य कुटुंबे केवळ रांग टाळण्यासाठी दिव्यांग व्यक्तींना पैसे देऊन ‘मार्गदर्शक’ म्हणून सोबत नेतात, अशी बातमी तेथील वृत्तपत्राने छापली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते कार्ड बंद होऊन ‘डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस’, म्हणजे डॅस, सुरू झाली. डॅसमध्ये रांग चुकते, पण प्रतीक्षा चुकत नाही: त्या वेळी साध्या रांगेत जेवढा वेळ लागत असेल तेवढ्या वेळानंतरची परतीची वेळ मिळते, आणि तोपर्यंत सावलीत, उपाहारगृहात किंवा स्वच्छतागृहाजवळ थांबता येते.

आमवात किंवा क्रोन्स असलेल्या माणसाला याहून अधिक काही नको असते. अडचण अशी की २०२४ च्या मे महिन्यापासून डिस्ने वर्ल्डने ही सेवा स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक विकारामुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबता येत नाही, अशा व्यक्तींपुरती मर्यादित केली आहे. सहलीपूर्वी व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते, ज्याच्यासाठी सेवा हवी ती व्यक्ती कॉलवर हजर असावी लागते, आणि डॉक्टरांचे पत्र त्यात पाहिले जात नाही. तुमच्याकडे पुण्यातल्या नामांकित संधिवाततज्ज्ञांची जाडजूड फाइल असली, शिवाय आपल्याकडचे यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र असले, तरी या मुलाखतीत त्यांचा उपयोग होत नाही. उलट खोटी माहिती दिल्याचे आढळले तर उद्यानात कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. उभे राहता येत नाही, दम लागतो, सांधे धरतात अशा तक्रारींना डिस्नेचे उत्तर व्हीलचेअर किंवा मोबिलिटी स्कूटर (बसून चालवायची बॅटरीची गाडी) घेऊन नेहमीच्याच रांगेतून यावे असे आहे, आणि रांग मध्येच सोडावी लागली तर कर्मचाऱ्यांना सांगून परत येण्याची सोय आहे. पोटाच्या आजाराच्या माणसाला ती कागदावर पुरेशी वाटेल. प्रत्यक्षात वळणावळणाच्या गर्दीतून उलटे बाहेर पडणे, तेही घाईच्या वेळी, किती अवघड आणि संकोचाचे असते हे ज्याला तो आजार आहे त्यालाच कळते.

युनिव्हर्सल याउलट कागद मागते, पण थेट स्वतः नव्हे. आयबीसीसीईएस या बाहेरच्या संस्थेच्या संकेतस्थळावर किमान ४८ तास आधी नोंदणी करावी लागते, तेथे गरजेचे स्वरूप सांगून डॉक्टरांचे पत्र किंवा तत्सम पुरावा जोडावा लागतो, आणि त्यावरून एक विनामूल्य डिजिटल कार्ड मिळते. त्या कार्डाच्या आधारे युनिव्हर्सलचे कर्मचारी तुमच्याशी बोलून ‘अट्रॅक्शन असिस्टन्स पास’ द्यायचा की नाही ते ठरवतात. पास मिळाल्यावरची पद्धत डॅससारखीच परतीच्या वेळेची आहे. मात्र रांग अर्ध्या तासाच्या आतली असेल तर सहसा लगेच एक्स्प्रेसच्या, म्हणजे एरवी पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेच्या, मार्गाने आत सोडतात. पास मिळेलच अशी हमी नाही आणि आजाराचे नाव सांगितले एवढ्याने भागत नाही. ‘४० मिनिटे रांगेत अडकल्यास स्वच्छतागृह गाठता येत नाही’, असे थांबण्याशी जोडलेले कारण पत्रात असावे लागते. आपल्याकडच्या डॉक्टरांना निदान आणि औषधे लिहून देण्याची सवय असते, म्हणून पत्र मागतानाच हे वाक्य त्यांना सुचवावे, आणि पत्र इंग्रजीत, अलीकडच्या तारखेचे असावे.

कागदांच्या या वाटेने जायचे नसेल तर पैशांची वाट दोन्हीकडे आहे, आणि इथे माझे मत युनिव्हर्सलकडे झुकते. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या त्यांच्या तीन महागड्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन उद्यानांचा अमर्याद एक्स्प्रेस पास खोलीच्या भाड्यातच मिळतो; २२ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या उद्यानाला मात्र तो लागू नाही. चार-पाच जणांचे कुटुंब एका खोलीत मावत असेल तर हा हिशेब पुष्कळदा सुटे पास घेण्यापेक्षा परवडतो, कोणाला आजाराची कैफियत सांगावी लागत नाही, आणि हॉटेल जवळ असल्याने दुपारी खोलीवर जाऊन दोन तास पडता येते. दीर्घ आजारात ही दुपारची झोप कोणत्याही पासइतकी मोलाची आहे. डिस्नेचा सशुल्क ‘लाइटनिंग लेन’, म्हणजे छोट्या रांगेचा पास, अनेक प्रकारांत विकला जातो. त्यातल्या नेहमीच्या प्रकारात राइड आणि वेळ फोनवर आधी निवडत बसावे लागते. ज्यांचा दिवस सकाळी सांधे कसे आहेत यावर ठरतो, त्यांना आदल्या आठवड्यात सव्वाअकराची वेळ बांधून ठेवणे जाचक वाटते.

चालण्याच्या बाबतीत दोघांत मोठा फरक आहे. डिस्ने वर्ल्ड ही चार मुख्य उद्यानांची, सुमारे ४० चौरस मैलांची वसाहत आहे. एका उद्यानातून दुसऱ्यात जायचे म्हणजे बहुधा बस, मोनोरेल किंवा बोट, आणि त्यांपैकी मॅजिक किंगडमला तर गाडी लावल्यावर तळे ओलांडण्यासाठी फेरी किंवा मोनोरेल घेतल्याखेरीज दारापर्यंत पोचताच येत नाही. एपकॉट या दुसऱ्या उद्यानातल्या तळ्याभोवतीची देशोदेशींच्या दालनांची फेरीच दोन किलोमीटरांच्या आसपास भरते. युनिव्हर्सलची जुनी दोन उद्याने एकमेकांना लागून आहेत आणि दोन्ही उद्यानांचे तिकीट असेल तर हॉगवर्ट्स एक्स्प्रेस या आगगाडीने एकातून दुसऱ्यात जाता येते. त्या गाडीत व्हीलचेअरवर बसूनच प्रवास होतो. एपिक युनिव्हर्स मात्र काही मैल दूर आहे, तेव्हा ते त्याच दिवसात कोंबू नये. उद्यानाच्या दाराशी भाड्याने मिळणाऱ्या खुर्च्या आणि स्कूटर डिस्नेत उद्यानाबाहेर नेता येत नाहीत, म्हणजे वाहनतळापासून दारापर्यंतचा पट्टा पायीच उरतो. त्यापेक्षा हॉटेलवर स्कूटर आणून देणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सगळ्या दिवसांसाठी ती घेतलेली बरी. आपल्या आईवडिलांना ‘मी काय अपंग आहे का?’ म्हणून खुर्चीत बसण्याचा जो संकोच असतो, त्यावर मात्र कोणतीही कंपनी उपाय विकत नाही. आमच्याकडे तो प्रश्न नातीने आजीच्या मांडीवर बसून ‘मला फिरवा’ म्हटल्यावर सुटला.

आता राइड्स. येथे डिस्नेची बाजू निःसंशय वरचढ आहे, निदान ज्यांना खुर्चीतून उठणे कठीण आहे त्यांच्यासाठी. मॅजिक किंगडममधील ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ आणि ‘जंगल क्रूझ’ यांत व्हीलचेअर चढवता येईल अशा बोटी आहेत, ‘टॉय स्टोरी मेनिया’त तशी गाडी आहे, आणि ॲनिमल किंगडमच्या ‘किलिमांजारो सफारी’त खुर्चीसकट ट्रकमध्ये बसून खरे जिराफ आणि हत्ती पाहता येतात. सगळेच असे नाही: ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ला सरकत्या पट्ट्यावरून स्वतःच्या पायांनी चालत चढावे लागते, तर ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’मध्ये मोटारसायकलसारखे पुढे झुकून बसताना गुडघे आणि खुबे अवघडतात. ‘ट्रॉन’ या मोटारसायकलच्याच धर्तीच्या कोस्टरमध्ये काही गाड्यांना मागे साधी बसण्याची जागा केलेली आहे. ती हवी असल्यास आधी सांगावे लागते. युनिव्हर्सलचा भर वेगवान कोस्टरवर आणि पडद्यासमोर हलणाऱ्या आसनांच्या राइड्सवर आहे. भोवळ, अर्धशिशी, मानेच्या मणक्यांचा त्रास किंवा प्रकाशाच्या लखलखाटाने येणारे अपस्माराचे झटके असतील तर तेथली निवड भराभर आखडत जाते. त्यांच्या सुरक्षा-पुस्तिकेत प्रत्येक राइडला हाताने धरता येणे, ताठ बसता येणे, हातपाय कितपत असावेत अशा अटी दिलेल्या आहेत, त्या कृत्रिम अवयव वापरणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधीच वाचाव्यात. अनेक मोठ्या राइड्सच्या दाराशी बसून पाहण्यासाठी नमुन्याचे आसन ठेवलेले असते, ही मात्र युनिव्हर्सलची चांगली सोय आहे.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे आणि ती भारतातून येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कर्मचारी कोणालाही उचलून आसनात बसवत नाहीत. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर चार अनोळखी हात पुढे येतात, येथे ते काम सोबतच्या माणसांनाच करावे लागते. म्हणून निघण्याआधी घरी खुर्चीतून मोटारीच्या आसनावर आणि परत खुर्चीत, असा सराव दोन-तीनदा करून पाहावा. तो जड गेला तर ज्या राइड्सना खुर्ची सोडावी लागते त्या यादीतून काढाव्यात.

टाइप १ मधुमेहाचा विचार निराळा करायला हवा, कारण या मुलांना रांग किंवा चालणे यांचा त्रास नसतो आणि कोस्टरही हवे असतात. काही इन्सुलिन पंपांच्या माहितीपुस्तिकांत प्रबळ विद्युतचुंबके असलेल्या राइड्सच्या वेळी पंप काढून ठेवावा अशी सूचना असते, आणि युनिव्हर्सलच्या ‘व्हेलोसीकोस्टर’सारखे, ताशी ७० मैलांपर्यंत जाणारे कोस्टर विद्युतचुंबकीय मोटरनेच झेपावते. त्याच राइडला खिशातले सर्व काही लॉकरमध्ये ठेवून धातुशोधक यंत्रातून जावे लागते, तेव्हा पंप, सेन्सर आणि ग्लुकोजच्या गोळ्या यांचे काय करायचे ते दाराशीच कर्मचाऱ्याला विचारून ठरवावे. वापरात असलेले इन्सुलिन साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आत ठेवायचे असते आणि ऑरलँडोत जून ते ऑगस्टमध्ये दुपारचा पारा ३२-३३ अंशांवर जातो. डिस्नेच्या प्रत्येक उद्यानातल्या प्रथमोपचार केंद्रात औषधे थंड ठेवून मिळतात. ओल्या मडक्यात इन्सुलिन जपणाऱ्या आजीला हे ऐकून हायसे वाटेल. खाण्याच्या बाबतीत डिस्ने अधिक उदार आहे, कारण स्वतःपुरते घरचे खाणे आत नेता येते. युनिव्हर्सलमध्ये लहानसहान खाऊ आणि आजारामुळे लागणारे पथ्याचे पदार्थ चालतात, पण डबे भरून पोळी-भाजी नेण्याचा बेत तेथे अडू शकतो.

उकाडा हा दोघांचाही समान शत्रू आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचे तापमान वाढले की लक्षणे तात्पुरती बळावतात, ल्युपस या स्वयंप्रतिकार आजारात ऊनच वर्ज्य असते, आणि नेमक्या याच मोसमात, मुलांच्या शाळांना सुट्टी असते म्हणून, आपण आईवडिलांना बोलावतो. उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस येतो आणि वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स थांबतात. युनिव्हर्सलच्या जुन्या दोन उद्यानांत बंदिस्त, वातानुकूलित राइड्स बऱ्याच असल्याने तेथे हा फटका कमी बसतो. शक्य असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा गाठावा. थंडी सांध्यांना थोडी बोचेल, पण एकूण दिवस हलका जातो.

आमच्या आईसाठी मी शेवटी डिस्नेचे दोन दिवस निवडले, भाड्याची स्कूटर घेऊन आणि डॅसचा विचारही न करता, कारण तिला बसून पाहण्यासारखे तेथे अधिक आहे. तिच्या जागी कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, असलेला भाऊ असता तर मी युनिव्हर्सलचे हॉटेल घेतले असते. स्वमग्न मुलाच्या पालकांनी डिस्नेपासून सुरुवात करावी, कारण डॅस आता त्यांच्यासाठीच उरली आहे. मुलाखतीत नकार आला तरी कागदपत्रांच्या बळावर युनिव्हर्सलचा मार्ग मोकळा राहतो. कोणत्याही पर्यायात क्रम मात्र नेहमीपेक्षा उलटा ठेवावा लागतो: आधी डॉक्टरांशी राइड्सच्या यादीवर बोलणे, मग नोंदणी किंवा मुलाखत, त्यानंतर रद्द करता येईल असे हॉटेल, आणि परत न होणारी तिकिटे सर्वांत शेवटी. भारतातून येणाऱ्यांच्या प्रवासविम्यात आधीपासूनच्या आजाराचा अनेकदा केवळ अचानक उद्भवलेला तीव्र झटकाच मोजला जातो, तेव्हा पॉलिसीतले ते कलम तिकिटे काढण्याच्या आधी, भिंग घेऊन का होईना, वाचावे.